रॅक हलवला त्या दिवसापासून

सोमवार, ६ जानेवारी

ही वही मी वजनं लिहायला घेतली होती. कोणत्या दिवशी किती उचललं, कुठं अडलं, एवढंच. आज काहीच उचललं नाही, तर राग लिहून ठेवते.

सकाळी टेमघरला जिमचा जिना चढून वर गेले तर बार ठेवायचा लोखंडी रॅक जागेवर नाही. फरशीत बोल्टची भोकं आणि एक फिकट चौकोन. जिमचा मालक किशनदादा टेप धरून हॉल मोजत होता. म्हणाला, मागच्या खोलीत नेलाय, तुला लागेल तेव्हा वापर. जणू रॅक म्हणजे माझ्या हौसेचा झोपाळा.

याच माणसाने मला बार धरायला शिकवलं. बैठक मारताना दम कुठं कोंडायचा, पाठ कशी बांधायची, सगळं याचं. मुलीचे खांदे रुंद होतील म्हणून आई अडून बसली होती, तेव्हा हाच आमच्या गावी, शेलारला, घरी येऊन तिला समजावून गेला. आता त्या हॉलमध्ये 'ब्लास्ट बॅच' येतेय. मोठ्या आवाजात गाणी, चाळीस मिनिटं उड्या, महिनाभरात पोट आत. फक्त बायकांसाठी. आणि शिकवणार मी, कारण इथली लेडीज ट्रेनर मीच.

मी सांगितलं, मला असलं जमणार नाही. तो म्हणाला, रॅकपुढे दिवसभरात चार माणसं उभी राहतात, त्यातली एक तू. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, नवीन बायका येतील, त्यांच्यासमोर सर म्हणत जा.

सव्वीस तारखेला पॉवरलिफ्टिंगची जिल्ह्याची निवड चाचणी आहे. स्क्वॉट, बेंच, डेडलिफ्ट. मागच्या खोलीत रॅकच्या एका बाजूला गाद्यांचा ढीग आणि दुसऱ्या बाजूला पंखे. बारला प्लेट चढवायची तर आडवं होऊन जावं लागतं. इथं मी तयारी करायची.

गुरुवार, ९ जानेवारी

पहिली बॅच झाली. हॉल भरला. टेमघरच्या, शेलारच्या, कोणी ड्रेसवर, कोणी साडीवरच ओढणी बांधून. दिशा नावाची बाई, जिच्या दुकानातून आम्ही ब्लाउजपीस घेतो, ती नवऱ्याचे बूट घालून आली होती.

बैठक म्हणतात त्याला. खुर्चीवर धूळ आहे का बघायला माणूस वाकतं तेवढंच खाली जातात आणि वर येतात. गुडघे आत, टाचा वर. कोणाला काही शिकायचं नाही. गाणं लागलं की उडायचं, गाणं संपलं की हसायचं. एवढ्या हसतात की मला मोजणी ऐकू येत नाही. माझ्याकडे माणूस आलं तर आधी महिनाभर मी त्याला रिकाम्या काठीवर ठेवते. पाठ कळते, टाच कळते, मग वजन. ताकद अशी येते, थोडं थोडं मागून. हे म्हणजे भिशीच्या भांड्यात हात घालून पळून जाणं आहे.

उड्या दाखवताना मला मध्येच थांबावं लागलं. दम लागला. रात्री नीट झोप झाली नव्हती.

सुवर्णावहिनीपण आली होती. माझ्या भावाची, शैलेशदादाची बायको, आमच्याच घरातली, आणि मला सकाळी एका शब्दाने बोलली नाही. तिसऱ्या रांगेत उभी होती, माझ्या जुन्या ट्रॅकपँटमध्ये. घामाने निथळली होती, चेहरा लालबुंद, आणि बाकीच्यांपेक्षा जास्त हसत होती. घरी मी तिला असं हसताना पाहिलेलं नाही. घरात हसण्यासारखं काही नसतं म्हणून असेल.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. घरी हळदीकुंकू. बॅचमधल्या सात-आठ जणी आल्या आणि गप्पा सगळ्या बॅचच्याच. कोणाची साडी सैल झाली, कोणाला आता गुडघे धरून उठावं लागत नाही. वहिनी तिळगुळाचं ताट घेऊन फिरत होती आणि दिशाला सांगत होती की तिला आता झोप लागते, पडल्या पडल्या.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, या सगळ्या उड्या आहेत, ताकद नाही, वहिनीला विचारा, नीट खाली जाऊन दहा बैठका येत नाहीत तिला. सगळ्या हसल्या. वहिनीपण हसली आणि ताट घेऊन आत गेली. चेष्टा समजते तिला, तेवढं बरं आहे.

शुक्रवार, १७ जानेवारी

परतताना स्कूटरवर वहिनीने मागून विचारलं, "मला शिकवशील का तुझं ते? बारचं?"

मी म्हटलं, निवड होऊ दे, मग बघू. आणि उगाच आशा नको म्हणून हेही सांगितलं की तुला झेपणार नाही, दोन बाळंतपणं झालीत, पाठ बघ तुझी. ती म्हणाली बरं.

आज मागच्या खोलीत स्क्वॉट बरे झाले. बेल्ट मात्र गादीला घासतो.

सोमवार, २० जानेवारी

लिहायला बसले तरी संताप उतरलेला नाही.

मागच्या खोलीला कुलूप. का, तर आत नवीन स्पीकर ठेवलेत. चावी किशनसरांकडे आणि सर कुठे, तर पूर्वीबरोबर खाली रस्त्यावर व्हिडिओ काढताहेत. पूर्वी म्हणजे कॉलेजची पोरगी, बॅचची जाहिरात तीच करते. निवडीला सहा दिवस राहिलेत आणि माझा शेवटचा जड स्क्वॉटचा दिवस वाया गेला. मी त्याला विचारलं तर सगळ्यांसमोर म्हणाला, "आधी बॅच घे, मग तुझं बघू." माझं बघू. त्याने एका वाक्यात सांगून टाकलं की माझं काय स्थान आहे.

मग मी बॅच घेतली. गाणी बंद केली. म्हटलं, आज नाच नाही, आज बैठक शिकायची. खरी. मांडी पार खाली, थांबायचं, सावकाश वर. आणि थांबायचं नाही, चाळीस मिनिटं हेच, मध्ये जोर आणि परत हेच. कळू दे एकदा ताकद काय असते. कळू दे कोणाच्या अंगात काय आहे.

पंधरा मिनिटांत निम्म्या भिंतीला टेकल्या. दिशा म्हणाली, मॅडम, पाय गेले. मी म्हटलं, मग बसा. एकेक करून सगळ्या बसल्या. एकटी वहिनी राहिली. काय माहीत कुठून आणलं तिने, पण खाली जात होती ती नीट, टाच न उचलता. मी पुढे जाऊन उभी राहिले. म्हटलं, "बरोबर. अजून." परत म्हटलं, "बरोबर. अजून." पाय लटपटत होते तरी ती माझ्या तोंडाकडे बघत जात राहिली, वेळ संपेपर्यंत. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या.

किशनसर केबिनमध्ये परत आला होता. काचेतून बघत होता. बघू दे.

मंगळवार, २१ जानेवारी

वहिनीला माडीवरून खाली उतरता येईना. कठड्याला धरून बसत बसत आली. मी सांगितलं, हे चांगलं दुखणं आहे, कसलेल्या अंगाचं, दोन दिवसांत जाईल. आई माझ्यावरच चिडली की घरातली कामं कोण करणार. भाकऱ्या मी थापल्या. एकही गोल नाही.

बुधवार, २२ जानेवारी

दुखणं उतरायच्या ऐवजी वाढलंय. मांड्या फुगल्यात, हात वर जात नाही, केस विंचरता येत नाहीत. दुपारी तिने मला मागच्या दारी बोलावून सांगितलं की लघवी कोऱ्या चहासारखी होतेय. मी म्हटलं, पाणी कमी पितेस. तांब्या भरून दिला.

आईला कळलं तर ती म्हणाली, "कावील हाय ही. जिमबिम काय न्हाय, डोले बघ तिचे." आणि कावीळ उतरवणाऱ्या म्हाताऱ्याकडे न्यायचं ठरवून टाकलं. मी डोळे बघितले. पिवळे नव्हते. पण आईशी कोण भांडणार.

गुरुवार, २३ जानेवारी

ठाणे, हॉस्पिटलचं बाकडं. वही पिशवीतच होती.

सकाळी वहिनी संडासातून बाहेर येताना पडली. दादाची गोडाऊनला जायची वेळ होती, त्याने तशीच तिला गाडीत घातलं. गावातले डॉक्टर म्हणाले ठाण्याला न्या. कशेळीच्या पुलावर कंटेनर अडकलेले. पुलाच्या अलीकडे आम्ही नुसते उभे होतो, वहिनीचं डोकं माझ्या मांडीवर, दादा हॉर्न दाबून धरून बसला होता आणि कोणीही हलत नव्हतं. मी उतरून ट्रकवाल्याला शिव्या घातल्या. हिंदीतून घातल्या, मराठीतून घातल्या. तो बिचारा म्हणाला, मॅडम, मैं कहाँ जाऊँ.

डॉक्टरीणबाईंनी रक्त बघून सांगितलं, स्नायू फुटलेत. सवय नसताना अतोनात ताण दिला की स्नायूंमधला ऐवज रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडं तुंबतात. सलाईनवर ठेवलंय. दोन दिवसांत आकडे उतरले नाहीत तर डायलिसिस. दादा विचारत होता की म्हणजे किडनी गेली का. त्या म्हणाल्या, आत्ता सांगता येत नाही.

काय केलं होतं हे त्यांनी विचारलं. मी म्हटलं, जिममध्ये उड्यांची बॅच आहे. तेवढ्यात वहिनी आतून म्हणाली, बॅचचं काही नाही, मी घरी मोबाईलवर बघून करत होते, चॅलेंज होतं कसलंतरी, रोज खोलीत दार लावून.

माडीवर तिची खोली. आम्हाला कळणार कसं? मूर्ख बाई. शेजारी मी आहे, जिल्ह्याची खेळाडू, आणि ही मोबाईलकडून शिकते. मला इतका राग आला की पाणी आणायला म्हणून जिना उतरून गेले आणि परत वर येताना मधल्या मजल्यावर धापा टाकत उभी राहिले.

शुक्रवार, २४ जानेवारी

आकडे तेवढेच. दादा जेवला नाही. पोरांना आईकडे ठेवलंय, धाकटा सारखा मम्मी कुठे विचारतो.

दुपारी टेमघरला गेले. जिन्यावरचा ब्लास्ट बॅचचा बॅनर ओढून काढला. अर्धा फाटला, अर्धा हातात आला. वर जाऊन किशनच्या टेबलावर टाकला. म्हटलं, हे तुझं काम. या उड्यांनी बायकांच्या डोक्यात भरवलं की महिनाभरात काहीही होतं, म्हणून ती घरी दार लावून मरेपर्यंत करत बसली. तू गुरू होतास माझा. तू दुकान उघडलंस.

तो ऐकत बसला. शेवटी उठून केबिनचं दार लावलं आणि म्हणाला, "स्नेहा, मी सोमवारी इथंच बसलो होतो. मी शैलेशला काही सांगितलेलं नाही. तूपण सांगू नकोस."

मला कळलं नाही हा मला कशात ओढतोय. स्वतःची जिम वाचवायची आहे त्याला, म्हणून मला सामील करून घेतोय. मी दार आपटून निघाले. आता त्याला दादापण म्हणणार नाही आणि सरपण.

रविवार, २६ जानेवारी

आईने जा म्हटलं म्हणून चाचणीला गेले. तिन्ही स्क्वॉट रद्द. तिन्ही वेळा लाल दिवे. पुरेशी खाली गेले नाही म्हणे.

मी. पुरेशी खाली गेले नाही.

पंचांशी वाद घातला, त्यांनी बाहेर काढलं. आणखी लिहायचं नाही.

मंगळवार, २८ जानेवारी

आकडे उतरले. डायलिसिस नको. दादा वॉर्डाच्या बाहेर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, मी त्याच्या पाठीवर हात ठेवला तर त्याने तो राहू दिला.

डॉक्टरीणबाईंना मी म्हटलं, तुम्ही लिहून द्या ना, असल्या उड्यांच्या बॅच बंद करायला पाहिजेत, नियमाने वजनं उचलणाऱ्या माणसाला कधी असं होत नाही. त्या म्हणाल्या, "कोण म्हणालं? मागच्या महिन्यात एक मुलगा आला होता, पहिल्याच दिवशी मित्रांनी बार देऊन उभा केला. दोन्ही चांगलं असतं. जोरातलं हृदयाला, फुप्फुसाला चांगलं, वजनाचं हाडांना, स्नायूंना चांगलं. स्नायूला ओळख नसताना एकदम फार मागितलं आणि थांबू दिलं नाही, की हे होतं. मग ते कशानेही मागा."

एसीत बसून बोलायला काय जातं. यांनी कधी बार खांद्यावर घेतला असेल का?

बुधवार, २९ जानेवारी

ठरवलं होतं की तो चॅलेंजचा व्हिडिओ शोधून त्याची तक्रार करायची. वहिनीला विचारलं, कोणता होता, कोण बाई होती की बाप्या. ती म्हणाली, आठवत नाही. मी तिचा मोबाईल घेऊन बसले. पाककृती, पोरांची गाणी, मेंदीची नक्षी. महिन्याभरात व्यायामाचं एकही नाही.

खोलीत आम्ही दोघीच होतो.

मी म्हटलं, "तू घरी काही केलंच नाहीस."

"नाही."

"मग कशानं झालं हे?"

ती म्हणाली, "तू अजून म्हणालीस. मी केलं."

"बाकीच्या बसल्या ना. तूपण बसायचं."

"तू मला बरोबर म्हणत होतीस," ती म्हणाली. "लग्न झाल्यापासून पहिल्यांदा."

मी विचारलं की मग दादाला खोटं का सांगितलं. त्यावर ती जे बोलली ते जसंच्या तसं लिहिते.

"खरं सांगितलं असतं तर तुझी जिम बंद झाली असती आणि माझीपण. तुझी बंद झाली तरी तू भांडशील, परत जाशील. मला घरातून तासभर बाहेर पडायला किती वर्षं लागली ते तुला न्हाय कळणार. तुला निघताना कोणाला विचारावं लागत नाही."

मी म्हटलं, तुला हसायला मिळतं म्हणून जीव धोक्यात घालायचा? ती म्हणाली, "जीव धोक्यात बॅचने घातला का?"

मग नर्स आली.

शुक्रवार, ३१ जानेवारी

आज दादाला सांगितलं. खालच्या कँटीनमध्ये, सगळं. गाणी बंद केली ते, बरोबर म्हटलं ते, पाण्याचा तांब्या भरून दिला ते. दोन दिवस पोटात घेऊन फिरत होते. खोटं माझ्याच्याने सांभाळलं जात नाही, मी तशी नाही.

दादाने चहाचा कप बाजूला ठेवला. ओरडला नाही. म्हणाला, "दोघींचंही बंद. तुझं पण, तिचं पण. आणि आत्ता माझ्यासमोरून जा."

मी वर जाऊन वहिनीला सांगितलं की सांगून टाकलं. वाटलं होतं तिला हलकं वाटेल. आम्हा दोघींत आता खोटं काही नाही.

ती इतकी चिडेल असं वाटलं नव्हतं. मी तिला कधी चिडताना बघितलेलंच नाही. आवाज चढवला नाही, पण ओठ पांढरे पडले होते. म्हणाली, "पडल्या पडल्या मी एवढे दिवस ते धरून ठेवलं होतं. तू जाऊन ओकून आलीस. तुला बरं वाटलं. माझं काय?" मी म्हटलं, अगं पण खरं ते खरं. "मला विचारलंस?" ती म्हणाली. "बैठका काढायला लावताना विचारलं नाहीस, आता पण नाही." आणि भिंतीकडे वळली.

मला समजत नाही. खोटं बोलले असते तर माझी चूक. खरं बोलले, तरी माझी चूक. या घरात माणसाने नेमकं करायचं काय?

सोमवार, १० फेब्रुवारी

वहिनी घरी येऊन आठवडा झाला. माझ्याशी बोलत नाही. मीठ दे, पोराला घे, एवढंपण नाही, आईकरवी सांगते. दादापण नाही बोलत. मी बाजूच्या शेताच्या बांधावर जाऊन दगड उचलते. लोक बघतात. बघोत.

किशनचा निरोप आला. बॅच चालू आहे, आता ती पूर्वी घेते, पण तिच्याबरोबर एक शिकलेली फिजिओ मुलगी ठेवली आहे, नवीन बाई आली की आधी दोन आठवडे नुसतं चालणं आणि खुर्चीवर उठबस. आणि आठवड्यातून दोन दिवस बायकांना हलक्या वजनांचं शिकवायचं आहे, तू येशील का. मी उत्तर दिलं, नाही. परत लिहिलं, कधीच नाही. त्याने अंगठा पाठवला. त्याचाही राग आला.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

वहिनीचं रक्त तपासलं. सगळं जागेवर आलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हळूहळू व्यायाम सुरू करायला हरकत नाही, केलेला बरा. हे दादासमोर म्हणाल्या. परत येताना कशेळीला आज पूल रिकामा होता.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

सकाळी मी अंगणात स्कूटर पुसत होते. दादा ओट्यावर चहा घेत बसलेला, ड्युटीला निघायचा. वहिनी आतून आली. अंगात पंजाबी ड्रेस, पायात नवे बूट, कधी आणले कोणास ठाऊक. त्याच्या समोरच्या पायरीवर बसून नाडी बांधायला लागली. वाकताना अजून मांडी ओढते तिची, तोंडावर दिसतं.

दादाने विचारलं, कुठं.

"टेमघरला. स्नेहा सोडेल."

दादा म्हणाला, काय ठरलं होतं आपलं. ती म्हणाली, "तुमचं ठरलं होतं. मी तेव्हा सलाईनवर होते." दुसऱ्या बुटाची नाडी बांधली. "डॉक्टर काय म्हणाल्या ते तुम्ही ऐकलंय. पोरांचा डबा भरलाय. धाकट्याला शाळेत तुम्ही सोडा."

आई दारात येऊन उभी राहिली. मला वाटलं आता आई बोलणार. आई म्हणाली, "दमशील तवा बस गो," आणि आत गेली.

दादा माझ्याकडे बघत होता. अख्ख्या महिन्यात पहिल्यांदा. मी काही बोलायला तोंड उघडलं आणि वहिनीने नुसता हात वर केला, मला गप्प करायला. मला. माझ्या अंगणात. मी स्कूटर काढली.

रस्ताभर मागचा दांडा धरून बसली होती, माझ्या खांद्याला हात लावला नाही. जिमखाली उतरून जिना चढायला लागली, एका हाताने कठडा धरून. मी वर गेले नाही. मला तिथं जायचं नाही. खाली ग्रिलच्या वर्कशॉपसमोर उन्हात उभी राहिले. वर गाणी सुरू झाली, तीच फालतू गाणी, आणि धपाधप पायांचा आवाज. मग आवाज थांबला आणि मोठ्याने टाळ्या, आणि सगळ्यांचं हसणं. वहिनीच आत शिरली असणार. त्या हसण्यात तिचं ओळखू येतं का म्हणून मी कान देऊन ऐकत होते, आणि वेल्डिंगवाल्याने नेमकी तेव्हाच मशीन लावली. त्याला जाऊन दोन शब्द सुनावले.

ती वेळेच्या आधीच खाली आली. कपाळावर घाम होता, पण चेहरा लाल नव्हता. थांबायचं तिथं थांबली असणार. मागे बसली, ओढणी सावरली. मी किल्ली फिरवली तर म्हणाली, "मंगळवार आणि शनिवार वजनांचं तू शिकवणार आहेस. मी सगळ्यांना सांगून आले, किशनसरांनापण."

मी म्हटलं, "मी नाही म्हणून कळवलंय त्यांना. मला विचारायचं तरी."

"नाही विचारलं," वहिनी म्हणाली. "चल, धाकटा येईल शाळेतून."

डोक्यात तिडीक गेली. अजूनही आहे. शनिवारला एकच दिवस मध्ये आहे, हलके डंबेल किती आहेत तेसुद्धा मला ठाऊक नाही, आणि दिशाच्या त्या नवऱ्याच्या बुटांनी तर टाच जमिनीला टेकणारच नाही. तिला उद्याच दुकानात जाऊन सांगते, अनवाणी ये म्हणून.